नेमबाजीच्या मैदानाखालची माती

मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला ‘गोळीबार’ नावाचा भाग आहे. पुण्यात ‘गोळीबार मैदान’ आहे. दररोज हजारो लोक तेथून ये-जा करतात, बसच्या पाटीवर ते नाव वाचतात आणि विसरून जातात. लष्कराच्या बंदुकांचा सराव एके काळी अशा जागी चालत असे, एवढी आठवण त्या नावांनी जपून ठेवली आहे. त्या जागांच्या मातीवर ठपका ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मात्र त्या नावांमुळे एक साधा प्रश्न आम्हांला सुचला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही थेट अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरांत जाऊन पोहोचलो. प्रश्न असा : सरावाच्या मैदानावर झाडलेली गोळी शेवटी जाते कोठे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुले-मुली एन.सी.सी.च्या शिबिराला जाऊन आलेली असतात. पोटावर पालथे पडून पॉइंट टू-टू रायफलने पाच गोळ्या झाडायच्या आणि घरी आल्यावर आपले ‘ग्रुपिंग’ किती जवळ आले ते कौतुकाने सांगायचे, हा अनुभव पुष्कळांच्या गाठीशी आहे. महाराष्ट्राला तर नेमबाजीची चांगली परंपरा लाभली आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे घरोघरी पोहोचली. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले, तेव्हा त्या आनंदात आपण सारे सहभागी झालो. या खेळाविषयी मनात आदर ठेवूनच पुढील मजकूर लिहीत आहोत.

नेमबाजाची दृष्टी लक्ष्यावर खिळलेली असते, परीक्षकाची गुणांवर. लक्ष्याच्या पाठीमागे मातीचा जो उंच बांध असतो, ज्याला लष्करी भाषेत ‘बट’ म्हणतात, त्याकडे कोणी पाहत नाही. गोळी तेथे शिरते. पॉइंट टू-टूची एक गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि ती जवळजवळ सर्वस्वी शिशाची असते. साठ गोळ्यांची एक स्पर्धा म्हणजे दीडशे ग्रॅमहून अधिक शिसे. उडत्या तबकड्यांवर छर्ऱ्यांनी नेम धरण्याचे जे ‘ट्रॅप’ आणि ‘स्कीट’ प्रकार आहेत, त्यांत हिशेब आणखी मोठा होतो. ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणे एका काडतुसात २४ ग्रॅमपर्यंत छर्रे असतात. पात्रता फेरीत तबकड्या १२५. म्हणजे एकाच खेळाडूने एकाच स्पर्धेत निदान तीन किलो शिसे मैदानावर पसरले. रायफलची गोळी निदान एका बांधात जाऊन बसते. छर्रे मात्र दोनशे मीटरपर्यंत चौफेर विखुरतात आणि ते वेचणे जवळजवळ अशक्य असते.

हे प्रमाण वर्षानुवर्षे साचत गेले तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मच्छीमार संघटनेने न्यायालयात नेले.

मच्छीमारांचा दावा

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात हूसाटॉनिक नदी जेथे लाँग आयलंड साउंड या खाडीसारख्या समुद्राला मिळते, तेथे स्ट्रॅटफर्ड नावाचे गाव आहे. या गावाच्या लॉर्डशिप पॉइंट या टोकावर रेमिंग्टन आर्म्स या बंदुका बनविणाऱ्या कंपनीचा नेमबाजी क्लब १९२० च्या दशकापासून १९८६ पर्यंत चालला. नेमबाज समुद्राकडे तोंड करून उभे राहत. तबकड्या पाण्याच्या दिशेने उडत, छर्रेही पाण्याच्या दिशेने जात. समुद्रात टाकले म्हणजे संपले, ही समजूत आपल्याकडेही काही कमी नाही.

न्यायालयाच्या निकालपत्रात जे आकडे नोंदले आहेत, ते वाचून आम्ही थक्क झालो. सुमारे ५० लाख पौंड शिशाचे छर्रे, म्हणजे आपल्या हिशेबाने २२ लाख किलोंहून अधिक. आणि फुटलेल्या तबकड्यांचे १ कोटी १० लाख पौंड तुकडे. हे सारे त्या टोकाच्या जमिनीवर आणि लगतच्या उथळ पाण्यात पडलेले होते. तबकड्यांनाही निरुपद्रवी म्हणता येत नाही. चुनखडीची भुकटी डांबरात कालवून त्या बनवीत असत आणि त्या डांबरात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्ये असतात.

पाणपक्ष्यांवर याचा परिणाम सर्वांत आधी दिसतो. बदकांना दात नसतात. चारा दळण्यासाठी ती बारीक खडे गिळून पोटात साठवितात. तळातला छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. खडा पोटात नुसता घासला जातो. छर्रा घासता घासता विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते. थोडेसे छर्रेदेखील एका बदकाचा जीव घेण्यास पुरे होतात. याच कारणास्तव अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी त्यांच्या वापराला मनाई केली.

त्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या संघटनेने १९८७ साली कंपनीविरुद्ध दावा लावला. उत्तन, अर्नाळा, पाचूबंदर येथील आपल्या कोळी बांधवांना त्यांची अस्वस्थता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. जाळ्यात काय येते आणि काय येईनासे होते, हे त्यांना कोणत्याही कार्यालयाच्या आधी कळते.

दाव्यातला वाद मोठा विचार करायला लावणारा होता. कंपनीचे म्हणणे असे की, छर्रा हा कचरा नव्हे. तो झाडण्यासाठीच बनविला होता आणि तो झाडला गेला, म्हणजे त्याचा योग्य तोच उपयोग झाला. ‘टाकून दिलेली वस्तू’ त्याला कशी म्हणणार? १९९३ साली वरिष्ठ न्यायालयाने याचे उत्तर दिले. वस्तूचा उपयोग संपून गेला आणि त्यानंतर ती वर्षानुवर्षे तेथेच साचू दिली, तर ती टाकून दिलेलीच वस्तू ठरते आणि शिशाचे छर्रे हा कायद्याच्या दृष्टीने घातक कचरा आहे. मच्छीमारांचे सारेच मुद्दे मान्य झाले असे नाही. पाण्याच्या प्रदूषणाविषयीच्या स्वतंत्र कायद्याखालील त्यांचा दावा, नेमबाजी तोवर बंद झालेली असल्यामुळे, टिकला नाही. परंतु गोळी सुटल्याबरोबर जबाबदारी सुटत नाही, एवढे त्या निकालाने पक्के केले.

मातीत पडलेल्या शिशाचे काय होते?

शिसे हे लोखंडासारखे भराभर गंजत नाही, म्हणून ते निर्धोक आहे असा आपला समज होतो. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. ताजी गोळी चकचकीत असते. हवा आणि ओलावा लागला की ती करडी पडते आणि काही वर्षांनी तिच्यावर पांढरट कवच चढते. हे कवच म्हणजे शिशाचा कार्बोनेट. जुने रंगारी ज्याला सफेदा म्हणत, तोच हा पदार्थ. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते; ते या कवचाला थोडे थोडे विरघळवीत राहते आणि आतला ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९८७ साली केलेल्या अभ्यासात असे अनुमान काढले की, मातीत पडलेला छर्रा पूर्णपणे बदलून जाण्यास शंभर ते तीनशे वर्षे लागतात. म्हणजे आज झाडलेला छर्रा आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत मातीत शिसे सोडीत राहील.

याहून लवकर अपाय करते ती भुकटी. वेगाने आलेली गोळी दगडावर किंवा आधी पडलेल्या गोळ्यांवर आदळली की तिचे अतिसूक्ष्म कण होतात. एका लक्ष्यामागे वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी गोळ्या शिरत असल्यामुळे बांधाच्या त्या भागात दर किलो मातीत कित्येक ग्रॅम शिसे सापडणे ही नेहमीची बाब आहे. तुलनेसाठी सांगतो : स्वित्झर्लंडच्या १९९८ च्या मृदासंरक्षण नियमांत दर किलोला ५० मिलिग्रॅम ही सावधगिरीची पहिली पायरी आहे आणि घरगुती बागेच्या मातीत १,००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम, शिसे आढळले तर ती बाग वापरता येत नाही.

येथे भीती वाढेल असे अर्धवट बोलणे बरे नव्हे. शिसे मातीत सहसा फार खोल जात नाही. चिकणमाती आणि कुजलेला पाचोळा त्याला घट्ट धरून ठेवतात. बहुतेक जुन्या मैदानांवर ते वरच्या एक-दोन वीत थरातच अडकलेले आढळते आणि बांधापासून काही मीटर दूर गेले की प्रमाण झपाट्याने कमी होते. मैदानाजवळच्या प्रत्येक विहिरीत विष आहे असे समजण्याचे कारण नाही. माती आम्लधर्मी असेल, रेताड असेल, भूजल अगदी वर असेल किंवा उतारावरून पावसाचे पाणी गढूळ होऊन ओढ्याला मिळत असेल, तेथे मात्र धोका खरा असतो.

दुसरा मार्ग तोंडाचा. झुरिचच्या पशुवैद्यांनी १९९७ साली एका दुर्दैवी घटनेची नोंद प्रसिद्ध केली. लष्करी गोळीबाराच्या मैदानातील लक्ष्यांच्या जागेवर काही वासरे चरायला सोडली होती. गवत हिरवेगार होते. मालकाला शंका येण्यासारखे वरून काहीच दिसत नव्हते. वासरे सैरभैर झाली, डोळे गरगरा फिरवू लागली, दात खाऊ लागली, हंबरत कुंपणे तोडू लागली आणि झटके येऊन मेली. गवताबरोबर मातीही पोटात जाते, हे गुरे राखणारा कोणीही सांगेल. त्या मातीबरोबर शिसे गेले.

लहान मूलही जमिनीवर खेळते आणि तोच हात तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग रक्तात उतरतो. लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि झालेली हानी भरून निघत नाही. शिशाची अमुक एक पातळी निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. आपल्या देशाने २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद केले ते याच कारणासाठी. म्हणूनच बंद पडलेल्या मैदानाचा विषय चालू मैदानापेक्षा अधिक नाजूक आहे. चालू मैदानाला कुंपण असते, पाटी असते, तांबडा बावटा असतो. बंद पडले की बांध सपाट होतो, गवत उगवते, एक पिढी सरते आणि त्या जागी कोणी भाजीचा मळा करतो, कोणी मुलांची बाग. माती बोलत नाही आणि शिशाला रंग वा वास नसतो.

एकावर उपाय, दुसऱ्याला वाट

शिशावर उपाय नाही असे नव्हे. मातीचा आम्लपणा कमी करण्यासाठी चुना घालावा, म्हणजे शिसे विरघळणे थांबते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ साली नेमबाजी मैदानांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हा सल्ला आहे. दुसरा उपाय फॉस्फेटचा. खतात असते तसे फॉस्फेट शिशाला मिळाले की दोहोंचा अतिशय टणक, जवळजवळ न विरघळणारा क्षार बनतो. कागदावर हे दोन्ही उपाय स्वस्त आणि सुटसुटीत दिसतात.

अडचण अशी की गोळीत एकटे शिसे नसते. शिसे मऊ, म्हणून त्याला कडकपणा यावा यासाठी त्यात अँटिमनी नावाचा धातू काही टक्के मिसळतात. डोळ्यांत घालण्याच्या सुरम्यामुळे हा धातू आपल्याला पूर्वापार ठाऊक आहे. छर्ऱ्यांत थोडे आर्सेनिकही असते. रायफलच्या गोळीवर तांबे-जस्ताचे वेष्टन असते. आणि अँटिमनीचा स्वभाव शिशाच्या नेमका उलट आहे. आम्लधर्मी मातीत तो मातीच्या कणांना चिकटून राहतो. चुना घालून माती अल्कधर्मी केली की तो सुटतो आणि पाण्याबरोबर वाहू लागतो. फॉस्फेटचेही तेच. ते शिशाला बांधते, पण मातीच्या कणांवर आर्सेनिक आणि अँटिमनी ज्या जागी चिकटलेले असतात, त्या जागा ते बळकावते आणि त्यांना बाहेर ढकलते. शिवाय जास्तीचे फॉस्फेट पावसाने तलावात गेले की तेथे शेवाळ माजते. एका रोग्याला दिलेले औषध शेजारच्या खाटेवरील रोग्याला बाधावे, तसा हा प्रकार होय.

म्हणून मातीवर काहीतरी ओतून प्रश्न मिटविण्याच्या कल्पनेकडे आता जाणकार सावधपणे पाहतात. या सावधपणामागे आणखी एक अनुभव आहे आणि तो मोठा महाग पडला.

केप कॉडची कथा

अमेरिकेच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचे भूशिर समुद्रात वाकडे होऊन शिरले आहे. सारी जमीन वाळूची. पावसाचे गोडे पाणी त्या वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या भिंगासारखे तरंगत राहते. वसईच्या किनारपट्टीवर ज्यांनी विहिरी खारट होताना पाहिल्या आहेत, त्यांना अशा पाण्याचे मोल ठाऊक आहे. केप कॉडच्या लोकांना पिण्यासाठी हाच एक साठा आहे. आणि नेमका त्या साठ्याच्या एका मुख्य भागावर कँप एडवर्ड्स हा लष्करी तळ, त्याच्या तोफखान्याच्या आणि रायफलच्या मैदानांसह, कित्येक दशके वसलेला होता.

भूजलात स्फोटक द्रव्ये सापडू लागली, तेव्हा १९९७ साली पर्यावरण संरक्षण संस्थेने आदेश काढून तेथील तोफांचा मारा आणि शिशाच्या गोळ्यांचा सराव थांबविला. सैनिकांना सराव तर हवाच होता. तेव्हा लष्कराने ‘हिरवी गोळी’ आणली. शिशाऐवजी टंगस्टनची भुकटी नायलॉनमध्ये घट्ट दाबून ही गोळी बनविली होती. विजेच्या जुन्या दिव्यातील तार ज्या धातूची असे, तोच हा टंगस्टन. तो शिशाइतका किंवा त्याहूनही जड, विषारी म्हणून बदनाम नाही आणि पाण्यात विरघळत नाही, अशी त्याची ख्याती. १९९९ पासून कँप एडवर्ड्सवर ही गोळी वापरात आली.

गोळी बांधावर आदळली की नायलॉन फुटे आणि टंगस्टन पुन्हा भुकटी होऊन मातीत मिसळे. ओलावा आणि हवा यांच्या संगतीत ती भुकटी गंजू लागली. गंजताना तिने भोवतालची माती आम्लधर्मी केली आणि टंगस्टनचे जे रूप तयार झाले ते पाण्यात सहज विरघळणारे निघाले. वाळूतून ते झिरपत गेले. काही वर्षांतच बांधाखालच्या भूजलात टंगस्टन सापडला. ज्या शिशाला हद्दपार केले होते, ते कित्येक दशके बहुतांशी वरच्या थरातच बसून होते. त्याच्या जागी आणलेला निरुपद्रवी पाहुणा मात्र थोड्याच वर्षांत पाण्यापर्यंत पोहोचला. २००६ साली टंगस्टनच्या गोळ्या बंद करण्यात आल्या.

त्यानंतर जे घडले ते आम्हांला विशेष उद्बोधक वाटले. २००७ साली तेथे शिशाच्याच गोळ्या पुन्हा आल्या. परंतु या वेळी लक्ष्यामागे गोळी पकडणारी यंत्रणा उभारलेली होती. गोळी रबरी थरातून आत शिरते, तिचा वेग मोडतो आणि ती तेथेच अडकून राहते. तिला पाऊस लागत नाही, माती लागत नाही. ठरावीक काळाने ती काढून भट्टीला पाठवितात आणि त्याच वेळी भूजलाची तपासणीही चालू ठेवतात. धातू कोणता यापेक्षा तो मातीला भेटतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला. पुढे अमेरिकी सैन्याने २०१० पासून शिसेविरहित, तांबे-पोलादाची गोळी स्वीकारली. तीदेखील सर्वस्वी निर्दोष म्हणता येत नाही. तांबे माशांना आणि पाण्यातील बारीक जीवांना बाधते.

स्वित्झर्लंडने काय केले?

या विषयात सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा हिशेब ज्या देशाने मांडला, तो स्वित्झर्लंड. तेथे सैनिकी सेवा नागरिकांचे कर्तव्य मानली जाते. रायफल घरी ठेवायची आणि वर्षातून एकदा गावच्या मैदानावर जाऊन ठरलेल्या वीस गोळ्या झाडून दाखवायच्या, अशी रीत. पोप महोदयांच्या रक्षणासाठी व्हॅटिकनला जाणारे स्विस गार्डदेखील आधी आपल्या देशाच्या सैन्यात शिक्षण घेऊनच जातात. जुन्या रायफलची एक गोळी ११ ग्रॅमहून थोडी अधिक; वीस गोळ्या म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. एका माणसाचे हे वर्षाचे शिसे फार नाही. पण गावोगाव मैदान, प्रत्येक मैदानामागे डोंगराचा उतार आणि शतकभराची परंपरा. नेमबाजीमुळे दूषित झालेल्या जागा तेथे सुमारे ४,००० भरल्या.

स्विस लोकांनी पहिली गोष्ट केली ती नोंदीची. दूषित जागांची यादी प्रत्येक प्रांताने तयार केली आणि ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवली. एखादा शेतकरी कुरण भाड्याने घेताना किंवा कोणी घरासाठी जमीन विकत घेताना ती पाहू शकतो. आमच्या मते हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा. त्या झुरिचच्या वासरांच्या मालकाला अशी यादी हाताशी असती तर?

दुसरी गोष्ट पैशाची. साफसफाईचा खर्च गावच्या हौशी नेमबाजी मंडळाला झेपणारा नव्हता. कचरा पुरण्यावर कर बसवून केंद्र सरकारने एक निधी उभा केला आणि त्यातून मदत देऊ केली. पण अट घातली. भूजलाच्या संरक्षित पट्ट्यात २०१२ च्या अखेरीनंतर आणि इतरत्र २०२० च्या अखेरीनंतर मातीत गोळी झाडली जात असेल, तर त्या जागेला पैसा मिळणार नाही. मैदान चालू ठेवायचे असेल तर गोळी पकडणारी पेटी बसवावी लागली. रबराच्या दाण्यांनी भरलेली ही पेटी लक्ष्यामागे उभी असते. आधी नळ बंद करा, मगच फरशी पुसा, असा हा सरळ हिशेब होता.

प्रत्यक्ष साफसफाईचे काम मात्र कष्टाचे. बांधाची माती थराथराने खरवडायची, चाळायची, धुवायची. अखंड गोळ्या आणि मोठे तुकडे वेगळे होतात आणि भट्टीवाला त्यांचे पैसे देतो. बारीक भुकटी मातीशी एकजीव झालेली असते. ती माती खास बांधलेल्या जागी नेऊन पुरावी लागते. म्हणजे येथेही शिसे नाहीसे होत नाही, ते फक्त अधिक सुरक्षित ठिकाणी हलविले जाते. धातू हा मूलद्रव्य आहे. जाळून, कुजवून वा धुऊन तो संपत नाही. काही वनस्पती धातू शोषून घेतात आणि त्यांच्याकडून माती शुद्ध करून घेता येईल, असे अधूनमधून वाचनात येते. थोड्याफार दूषित शेतात कदाचित त्याचा उपयोग होईल, पण किलोला कित्येक ग्रॅम शिसे असलेल्या बांधापुढे रोपट्याचा पाड लागणार नाही. त्याला शतके लागतील.

परंपरेचा प्रश्नही आला. सरोवराकाठच्या र्‍यूटली या कुरणावर, जेथे १२९१ साली स्विस एकीची शपथ घेतली गेली अशी आख्यायिका आहे, दर वर्षी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाआधीच्या बुधवारी नेमबाजांचा मेळा भरतो. अशा मेळ्यांना लोक भावनेने जोडलेले असतात. कायद्यात वर्षातून एकदाच होणाऱ्या ऐतिहासिक नेमबाजीसाठी सवलत ठेवण्यात आली. शुद्ध विज्ञानाच्या कसोटीला ही तडजोड उतरणार नाही. पण गावकऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय हजारो बांध खणता आले नसते, हेही खरे.

घरापर्यंत येणारे शिसे

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांचा अशा जमिनीशी संबंध येईल. ज्या घरात नेमबाजी करणारे कोणी आहे, पोलीस किंवा सैन्यदलात कोणी आहे, त्यांच्यासाठी मात्र एक गोष्ट लगेच उपयोगाची आहे. गोळी झाडताना जी ठिणगी पडते, तिच्यासाठी काडतुसाच्या तळाशी शिशाचे एक स्फोटक संयुग भरलेले असते. चाप ओढल्याबरोबर त्याचा धूर होतो आणि तो हातावर, बाहीवर, केसांवर बसतो. बंद सभागृहातील मैदानावर हवा खेळती नसेल तर तो श्वासातही जातो. हवेच्या रायफलमध्ये दारू नसते, त्यामुळे धूर नाही. पण तिच्या अर्ध्या ग्रॅमच्या गोळ्या शिशाच्याच असतात आणि मुले त्या बोटांनी हाताळतात. काही जण सोयीसाठी ओठांत धरतात, ते तर कटाक्षाने टाळावे.

सरावानंतर साबणाने हात व तोंड धुतल्याशिवाय डबा उघडू नये. मैदानावरचे बूट उंबऱ्याबाहेर ठेवावेत आणि ते कपडे घरच्या इतर कपड्यांत, विशेषतः तान्ह्या बाळाच्या कपड्यांत, मिसळू नयेत. मैदान कोरड्या झाडूने झाडू नये, कारण त्याने धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसावे. नियमित सराव करणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. घरात गरोदर स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी.

शिबिराहून परतताना मुले आठवण म्हणून एखादी रिकामी पुंगळी खिशात घालून आणतात आणि ती महिनोन्‌महिने कंपासपेटीत पेन्सिलींबरोबर पडून असते. पुंगळीच्या आतला काळा थर त्याच शिशाचा असतो. ती घरात असेल तर कंपासपेटीतून आजच काढावी, झाकणाच्या बरणीत घालून लहान भावंडांच्या हाती लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवावी आणि कंपासपेटी साबणाने धुऊन घ्यावी.